बावीस रिंगा

“…आणि प्रभू, माझा विश्वास वाढव. एक मिनिट थांबा, जोडते,” आई म्हणाली, आणि ‘आमेन’च्या जागी खोलीत शांतता पसरली.

बुधवारची प्रार्थनासभा होती, पाळकसाहेबांच्या घरी. चौदा माणसं डोळे मिटून, माना खाली घालून बसलेली. चारचौघांत मोठ्यानं प्रार्थना करण्याची आईची ही पहिलीच वेळ. अकरा वर्षांच्या लेकीनं एक डोळा किलकिला करून पाहिलं. आई कानापर्यंत लाल झाली होती आणि तिच्या उजव्या हाताचा अंगठा मांडीवर दाबला जात होता, जणू तिथे कळच होती. आधी बाबांच्या नाकातून एक फुसकारा निघाला. मग पाळकीणबाईंना हसू फुटलं, आणि मग सगळ्या खोलीलाच.

“असू द्या हो,” पाळकसाहेब डोळे पुसत म्हणाले. “तुम्ही जोडून दिलंत ना? बास. पुढचं तो बघेल.”

परत येताना रस्ताभर आई गप्प होती. बाबा मात्र गप्प बसणाऱ्यांतले नव्हते.

“मी काय म्हणतो,” ते कोपऱ्यावर थांबून म्हणाले, “लाइन एंगेज तर नव्हती ना?”

“तुम्ही बोलू नका माझ्याशी.”

“नाही, आपली चौकशी केली. आमचंही एक काम होतं तिकडे.”

आईनं तोंड फिरवलं, पण खांदे हलले. ती हसतेय हे लेकीला मागून कळलं.

आई एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. जिन्याखालची एक चिंचोळी खोली, त्यात लाकडी बोर्ड, बोर्डाला शंभर भोकं आणि खाली वायरींची रांग. बाहेरून फोन आला की छोटा दिवा लागायचा. आई वायर उचलून त्या त्या विभागाच्या भोकात खोचायची आणि कळ दाबायची. एकदा कळ दाबली की तिकडे एक रिंग. दुसरी रिंग हवी तर पुन्हा दाबायची. कळ दाबून दाबून तिच्या अंगठ्याला घट्टा पडला होता. भाजी निवडतानासुद्धा तो अंगठा मध्येच कशावर तरी दाबला जायचा. इस्पितळात तिचं खरं नाव कुणाला माहीत नव्हतं. सगळे तिला ‘जोडतेबाई’ म्हणायचे.

इस्पितळाचा नियम दहा रिंगांचा होता. दहा वाजवायच्या, नाहीच उचलला तर ‘उचलत नाहीत’ असं सांगून मोकळं व्हायचं. दुपारची ऑपरेटर तेच करायची. आईला ते पटलं नव्हतं. तिनं बोर्डाच्या कडेला एक पुठ्ठा टांगला होता आणि त्यावर पेन्सिलीनं कुणाला किती रिंगा लागतात ते लिहिलं होतं. दातांचे डॉक्टर, तीन. तपासणीची खोली, सात, कारण हातमोजे काढावे लागतात. धुलाईघर, अकरा, यंत्रांचा आवाज असतो. शवागार, एक. तिथल्या माणसाशी बोलायला दिवसभर कुणी नसायचं, तो फोनवर झडपच घालायचा.

आणि तळघरातलं स्टोअर. चादरी, कापूस, बाटल्या यांचं ते लांबच लांब कोठार. फोन दाराजवळच्या खांबावर आणि स्टोअरवाल्याचं टेबल पार दुसऱ्या टोकाला, कारण खिडकी तिथेच होती. त्यात त्याचा एक पाय लहानपणापासून अधू. स्टोअरपुढे आधी ‘तीस’ लिहिलेलं होतं. ते खोडून सव्वीस. तेही खोडून बावीस.

“तीस वेळा कळ दाबत बसायचीस?” लेकीनं एकदा विचारलं होतं.

“मग काय करू? तो निघालेला असतो गं. खोक्यांमधून वाट काढत येत असतो बिचारा. मी कापला तर त्याची सगळी चाल फुकट.”

“आणि नसलाच जागेवर तर?”

“मग नाही उचलणार. पण तो निघालाय की नाही ते मला इथून कुठे दिसतं?”

बाबांचा चष्म्यांचा धंदा होता. काचा घासायचे, फ्रेमी बसवायचे. न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं: दिसत नाही म्हणजे नाहीच असं समजू नये, आधी नंबर तपासून घ्यावा. एकदा आईचा डबा पोचवायला ते जिन्याखालच्या खोलीत गेले आणि पुठ्ठ्याच्या तळाशी स्वतःच्या गिचमिड अक्षरात एक ओळ वाढवून आले: ‘देव. ?’

आई रागावली, पण तिनं ती खोडली नाही.

कारण बाबांनी बरोबर नस पकडली होती. आई रोज पहाटे चहाचं आधण ठेवायची, स्वयंपाकघरातल्या तिपाईवर बसायची आणि पाण्याला उकळी फुटेपर्यंत प्रार्थना करायची. घरातल्यांसाठी मागणं दोन वाक्यांत उरकायचं. उरलेला सगळा वेळ एकाच मागण्याला: माझा विश्वास वाढव. शब्द तेच असले तरी घोकंपट्टी तिला चालायची नाही. दाराआडून लेकीला ऐकू यायचं, “प्रभू, माझा विश्वास… नाही, हे नुसतं तोंडातून आलं. पुन्हा.” मग थोडी शांतता, आणि पुन्हा पहिल्यापासून. फार बोलायचं असलं की ती पातेल्यात जास्त पाणी घालायची. सकाळी कपभर चहा मिळाला की घरात सगळं ठीक आहे, आणि किटलीभर मिळाला की आईच्या मनात काहीतरी आहे, हे बाबा आणि लेक दोघांनाही न सांगता कळायचं.

“वाढला का गं मग?” लेक विचारायची. वय तेरा-चौदा, पुस्तकं वाचून वाचून नको तेवढी शहाणी झालेली.

आई प्रामाणिकपणे विचार करायची. “नाही बाई. काल होता तेवढाच वाटतोय.”

“मग कशाला मागतेस?”

“नाही म्हणूनच तर मागतेय. असता तर मागितला असता का?”



बाबा आजारी पडले तेव्हा लेकीला दुसऱ्या गावी ग्रंथालयात नोकरी लागून चार वर्षं झाली होती. सहा आठवडे ते आईच्याच इस्पितळात होते, दुसऱ्या मजल्यावर. त्या सहा आठवड्यांत पातेलं रोज काठोकाठ भरलेलं असायचं. पलंगावर पडल्या पडल्या बाबा नर्सला सांगायचे, “आमच्या मिसेसना सांगा, चहा कमी करा. शेजाऱ्यांनाही वाटून संपत नाही म्हणे.”

शेवटच्या सकाळी आई बोर्डावर होती. दिवा लागला. तिनं वायर खोचली आणि सवयीनं विचारलं, “बोला, कुठे जोडू?”

“जोडतेबाई,” वॉर्डातली नर्स म्हणाली, “तुमच्याशीच बोलायचंय.”

आई वर गेली, पण आधी तिनं हातातले दोन फोन जोडून दिले.

दफनविधीनंतर दुसऱ्या दिवशी पहाटे लेकीला आधणाचा आवाज आला. ती उठून दारात गेली. आई तिपाईवर बसली होती.

“अजून?” लेकीचा आवाज तिला हवा होता त्याहून चढला. “बाबांसाठी एवढं मागितलंस. काय मिळालं?”

“ते मागणं वेगळं होतं. त्याचं उत्तर आलं. ‘नाही’ असं आलं.” आई पातेल्याकडे बघत होती. “दुसरं मागणं अजून वाजतंय.”

त्यानंतर या विषयावर दोघी बोलल्या नाहीत. बोलल्या त्या थेट आईच्या निवृत्तीला पंधरा दिवस उरले तेव्हा. लेक सुट्टीवर आली होती आणि दोघी मिळून धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या, चार हात, चार टोकं.

“मी ठरवलंय,” आई म्हणाली. “बोर्ड सुटला की तेही सोडायचं.”

“काय?”

“तिपाई. बाकीचं म्हणेन गं, देवाचे आभार, तुझ्यासाठी दोन शब्द. पण ते एक वाक्य नको आता. एकतीस वर्षं झाली. दहाच्या नियमात तरी बसतं का ते?” ती हसली, पण चादरीचं टोक तिच्या हातून सुटलं. “मला ना, कधीकधी वाटतं की मी रिकाम्या खोलीत रिंग देतेय. विश्वास असता तर असं वाटलं असतं का? म्हणजे नाहीच वाढला. अर्धं आयुष्य गेलं, आणि मी आपली पहिल्याच पायरीवर.”

लेकीला खरं तर बरं वाटायला हवं होतं. चौदाव्या वर्षापासून ती हेच तर म्हणत आली होती. पण तसं वाटलं नाही. खाली पडलेलं टोक तिनं उचलून आईच्या हातात दिलं आणि एवढंच म्हणाली, “बघ, तुझं तू ठरव.”

निवृत्तीच्या दिवशी लेक आईबरोबर इस्पितळात गेली, सामान आणायला. बोर्डही आईच्याच दिवशी निवृत्त होणार होता. जिन्याखालच्या खोलीत भिंतीवर एक करडं यंत्र बसवून झालं होतं, चपलांच्या खोक्याएवढं. ते आपोआप जोडायचं आणि दहा रिंगांनंतर आपोआप कापायचं.

“बिनचूक आहे,” यंत्र बसवणारा कौतुकानं म्हणाला.

“दहालाच कापतं?” आईनं विचारलं. “वाढवता नाही येणार? स्टोअरपुरत्या?”

“सगळ्यांना सारखंच, बाई.”

“सगळे सारखे चालतात का?”

तो हसला. त्याला ती गंमत वाटली.

दुपारी मोठ्या साहेबांनी भाषण केलं. आईनं इस्पितळाची सेवा अथक केली असं ते तीनदा म्हणाले. शवागारवाला सगळ्यांच्या आधी आला होता आणि सगळ्यांशी बोलत सुटला होता. दातांच्या डॉक्टरांनी आईला भिंतीवरचं घड्याळ दिलं. केक संपला, टाळ्या झाल्या, माणसं पांगली. लेकीनं पुठ्ठा खिळ्यावरून काढून पिशवीत घातला. दोघी निघणार तेवढ्यात बाहेरून काठीचा आवाज आला. ठक, मग थांबा. ठक, मग थांबा.

दारात एक ठेंगणा, टकला माणूस उभा राहिला. त्याला धाप लागली होती.

“संपली ना पार्टी?” तो म्हणाला. “वाटलंच मला. साडेतीनला निघालोय मी खालून. मध्ये तीन जिने घातलेत लेकाच्यांनी.” मग आईकडे नीट पाहून, “तुम्हीच का जोडतेबाई? मला वाटलं, उंच असाल.”

“आणि मला वाटलं, तुम्हाला केस असतील,” आई म्हणाली. “आवाजावरून वाटतात.”

“होते. तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा होते.”

दोघं खळखळून हसली. तीस वर्षं दोघं एकाच इमारतीत होती. आवाजाची ओळख होती, तोंडओळख नव्हती. तो मागच्या दारानं येऊन तळघरात उतरायचा आणि तिथूनच घरी जायचा. लेकीनं त्याला आपली खुर्ची दिली. तो बसला, काठी गुडघ्यांत धरली.

“एक सांगायचं होतं,” तो म्हणाला. “फोनवर सांगितलं असतं, पण तुमचे दुसरे फोन खोळंबले असते. हे बघा, तुम्ही यायच्या आधी जे कोण होते, ते दहाला कापायचे. मी आपला खोक्यांच्या मध्ये कुठेतरी. पोचावं तर बंद. असं चार-सहा वेळा झालं की माणूस उठायचंच सोडतो, बाई. बसून राहायचो. म्हणायचो, वाजू दे, थांबेल आत्ता. पाय आखडत चालला होता. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षांत चाकाची खुर्ची धराल.”

“हे मला माहीतच नव्हतं.”

“कुठून असणार? मग तुम्ही आलात. पहिल्या दिवशी मी नेहमीसारखा बसून राहिलो. दहा झाल्या, बारा झाल्या, पंधरा झाल्या. म्हटलं, काय बाई आहे! विसाव्याला वैतागून उठलो. पोचलो तेव्हा पन्नासावी चालू होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग काय झालं, पहिली वाजली की मी उठायला लागलो. कारण मी पोचेपर्यंत ती थांबणार नाही, हे मला पक्कं ठाऊक झालं.” त्यानं काठी जमिनीवर हलकेच आपटली. “तेव्हा तीस लागायच्या, तीसचे सव्वीस झाले. सव्वीसचे बावीस. डॉक्टर म्हणतात, काय व्यायाम करता? काय सांगू त्यांना? म्हटलं, फोन उचलतो.”

आईचा अंगठा दुसऱ्या हाताच्या मुठीत होता.

“दुपारच्या बाई कापतात, त्यांच्या वेळेला मी अजूनही उठत नाही,” तो डोळा मिचकावत म्हणाला. “तेवढं साहेबांना सांगू नका.”

दोघी बसनं घरी निघाल्या. आईच्या मांडीवर घड्याळ, लेकीच्या मांडीवर पिशवी. चार थांबे आई खिडकीबाहेरच बघत होती. लेकीला वाटलं, बोर्ड सुटला, वाईट वाटत असणार. मग आई एकदम हसायला लागली. समोरच्या सीटवरच्या बाईनं वळून पाहिलं इतकी मोठ्यानं.

“काय झालं गं?”

“अगं, इतकी वर्षं मला वाटत होतं,” आई डोळे पुसत म्हणाली, “की बोर्डावर मी बसलेय.”

दुसऱ्या दिवशी पहाटे लेक अंथरुणात जागी पडून ऐकत होती. नळ सुटला. बराच वेळ सुटलेला राहिला. पातेलं चांगलंच भरलं असावं. मग तिपाई ओढल्याचा आवाज, आणि आईचा आवाज, “प्रभू, माझा विश्वास वाढव.” ती थांबली. ‘नाही, पुन्हा’ आता येईल म्हणून लेक वाट बघत राहिली. ते आलं नाही. “येतेय मी,” आई म्हणाली. “पाय जड आहेत माझे. कापू नकोस.”

त्यानंतर आई नऊ वर्षं जगली, आणि मजेत जगली. बुधवारच्या सभेत ती आता बेधडक मोठ्यानं प्रार्थना करायची आणि शेवटी मुद्दाम “जोडते” म्हणून पाळकसाहेबांना हसवायची. विश्वास वाढला का, असं लेकीनं पुन्हा विचारलं नाही, आणि आईनंही कधी दावा केला नाही. गुडघे दुखायला लागले तेव्हा मात्र तिनं फोनवर लेकीला बजावलं, “सातव्या रिंगेला कापतेस ना तू? मी मोरीत असते गं. जरा दम धरत जा.”

आणि दर रविवारी चारच्या सुमाराला स्टोअरवाल्याचा फोन यायचा. तोही निवृत्त झाला होता. दोघं गुडघ्यांवर बोलायची, इस्पितळात कोण गेलं, कोण आलं यावर बोलायची. तो कधीच आधी ठेवायचा नाही. आई पोचेपर्यंत तिकडे वाजवत बसलेला असायचा.

आई गेली ती एका सोमवारी दुपारी, चहा पिऊन, कप विसळून पालथा घातल्यावर. कबरस्तानात नवे पाळकसाहेब पुस्तक मिटून पुढे झाले तेव्हा लेक म्हणाली, “जरा थांबू या. एकजण यायचेत.”

“निघालेत का ते?”

“निघालेले असतील.”

सगळे थांबले. बऱ्याच वेळानं फाटकाजवळ काठीचा आवाज आला.

त्या आठवड्यात लेकीनं एकही फोन उचलला नाही. वाजायचा, सहा, सात, फार तर आठ वेळा, आणि थांबायचा. माणसांना काय बोलावं ते कळत नसे, न उचलल्याचं त्यांना मनातून बरंच वाटत असणार. रविवारी दुपारी ती आईच्या खोलीत खोकी भरत होती. कपाटाच्या तळाशी, चादरींच्या खाली, पुठ्ठा सापडला. दातांचे डॉक्टर, तीन. धुलाईघर, अकरा. स्टोअर, तीस, सव्वीस, बावीस. पेन्सिल पुसट झाली होती, पण वाचता येत होतं.

तळाची ओळ तिनं खिडकीजवळ नेऊन पाहिली. बाबांच्या गिचमिड अक्षरातला ‘देव’ खोडरबरानं पुसलेला होता, पुठ्ठा तिथे पातळ झाला होता. त्या जागी आईच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘मी’. पुढचं प्रश्नचिन्ह बाबांचंच होतं. त्याला आईनं हात लावला नव्हता.

बाहेरच्या खोलीत फोन वाजायला लागला.

लेक पुठ्ठा घेऊन तशीच जमिनीवर बसून राहिली. आठ झाल्या. दहा झाल्या. बाराव्या रिंगेला तिनं मान वर केली. भिंतीवर दातांच्या डॉक्टरांचं घड्याळ चार वाजून दोन मिनिटं दाखवत होतं. पंधरा. वाटेत सात खोकी होती, एक उलटी तिपाई होती, आणि बसून बसून तिच्या पायांना मुंग्या आल्या होत्या.

“येते,” ती मोठ्यानं म्हणाली, घरात कुणी नसताना, आणि भिंतीला धरून उठली. “येते, येते.”

फोन वाजत होता.